बिनगिअरची सायकल आणि मिस्त्रीचा हुनर

कापडवाल्याने सायकलीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण कापड आणि सायकल यांचे नाते जुने आहे. आमच्या गोरेगावात (मुंबईचे नव्हे, गोंदिया जिल्ह्यातले) दुकानात बसून विकलेले कापड कमी आणि सायकलीच्या कॅरिअरवर गठडी बांधून खेड्यापाड्यांत विकलेले कापड जास्त, अशी कित्येक वर्षे होती. लुंग्या, चादरी, टॉवेल, परकराचे कापड आणि सुताच्या साड्या घेऊन फेरीवाले सकाळी फजरनंतर निघत आणि दिवेलागणीला परतून हिशेब देत. फेरीवाल्याची सायकल नादुरुस्त झाली तर त्या दिवशी त्याचा गल्ला रिकामा राही आणि आमची वसुलीही. त्यामुळे सायकल मिस्त्रीची ओळख ठेवणे हा आमच्या धंद्याचाच भाग होता.

हे आज लिहायचे कारण वेगळे आहे. पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांत गेल्या काही वर्षांत ‘सिंगल स्पीड’ नावाची सायकल ऐटीत विकली जाते. तिला एकच गिअर, पातळ चाके, उघडी चेन, नावापुरते मडगार्ड किंवा तेही नाही. किंमत पंधरा-वीस हजार, आणि हौशी गिऱ्हाईक असेल तर त्याच्या कितीतरी पुढे. तिचीच एक बहीण ‘फिक्सी’, म्हणजे फ्री नसलेली सायकल. चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते. शहरातली पोरे जुनी चौकट शोधून आणतात, रंग देतात, चाके बांधून घेतात आणि अशी सायकल स्वतः बनवल्याचा अभिमान बाळगतात. आता मला सांगा, एक गिअर, एक चेन, सुटे भाग आणून जोडलेली सायकल हे आपल्या मिस्त्र्यांना नवे आहे काय? हे काम ते दोन-तीन पिढ्या करत आले आहेत. शहरात त्याला हुनर म्हणून पैसे मिळतात आणि गावात त्याच कामाला ‘पंक्चरवाला’ म्हणतात. या फरकात धंदा दडलेला आहे, असे माझे मत आहे.

एका पायडलला एक साडी

गिअरच्या सायकलीला मागे सात-आठ चक्रे असतात, पुढे दोन-तीन. आपल्या साध्या सायकलीला पुढे एक आणि मागे एक. पुढच्या चक्राला बहुधा 44 किंवा 48 दात, मागच्या फ्रीला बहुधा 18. एवढ्या दोन आकड्यांवर सायकलीचा सगळा स्वभाव ठरतो. 44 ला 18 ने भागले की जवळपास 2.44 येतात, म्हणजे पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचे चाक दोन फेरे आणि आणखी थोडे कमी अर्धा फेरा घेते. 28 इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. हिशेब केला तर एका पायडलला साडेपाच मीटरच्या आतबाहेर रस्ता कापला जातो. कापडवाल्याला हा आकडा लगेच ओळखू येईल, कारण सहावारी साडीची लांबी तेवढीच. एक फेरा मारला की एक साडी रस्त्यावर अंथरली असे समजा. किलोमीटरला अशा एकशे ऐंशीच्या वर साड्या लागतात. माणूस मिनिटाला 45 फेरे मारत निवांत चालला तर ताशी पंधरा किलोमीटरच्या जवळ जातो.

पुढे 48 दात घेतले तर एका फेऱ्याला सहा मीटरच्या जवळ रस्ता मिळतो, पण पायाला जोर जास्त लागतो. मागे 18 ऐवजी 22 दातांची फ्री टाकली तर 44 च्या चक्रावर साडेचार मीटरच मिळतात, पण लादलेली सायकल चढावर थांबत नाही. फुकट काहीच मिळत नाही. पायाचा जोर वाचवला तर फेरे वाढतात, फेरे वाचवले तर जोर वाढतो. गिअरची सायकल या सौद्यात वाटेत भाव बदलू देते. एका गिअरच्या सायकलीला घरून निघतानाच भाव ठरवावा लागतो.

आमचा मुलूख या सायकलीला धार्जिणा आहे. भाताची बांधी, तळी, सपाट रस्ते. मैलभर गेलात तरी चढ लागत नाही. कोहमाऱ्याकडे जाताना मुरदोलीचे जंगल लागते तिथे जमीन थोडी उठते आणि नागझिऱ्याच्या बाजूला गेले तर डोंगर दिसू लागतात. एरवी गोंदियापासून खाली भंडाऱ्याच्या धानपट्ट्यापर्यंत एकच गिअर पुरतो. तरीही मी पाहिले आहे की दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक सायकलीला तीच 44-18 ची जोडी असते. शाळेत जाणारी मुलगी, पोते वाहणारा हमाल आणि रिकाम्या हाताने नमाजला जाणारा म्हातारा या तिघांना एकाच मापाचा सदरा शिवून दिल्यासारखे आहे. शिंपी असे करत नाही. 22 दातांच्या फ्रीला 18 पेक्षा फार जास्त पैसे पडत नाहीत. चार दात वाढले की चेन एक इंच जास्त लागते, तेवढीच काय ती काळजी. गिऱ्हाईकाला विचारावे, बाबा, काय वाहून नेतोस आणि कुठे जातोस? या एका प्रश्नाने मिस्त्री दुकानदारापेक्षा वर जातो.

गठ्ठ्यातून सायकल

बऱ्याच लोकांना वाटते की सायकल कारखान्यातून तयार होऊन येते. मोठ्या शहरातल्या फॅन्सी सायकलींचे तसे आहे, त्या खोक्यातून निम्म्या-अर्ध्या जोडून येतात. पण काळ्या रोडस्टर सायकली व्यापाऱ्याकडे वर्षानुवर्षे सुट्या भागांत येत आल्या. कागदात गुंडाळलेल्या चौकटी, रिमांची चवड, हबची पेटी, स्पोकचे जुडगे, मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, सीट. यातून सायकल उभी करण्याला ‘फिटिंग’ म्हणतात, आणि खरा कसब त्यात आहे.

त्यातही चाक बांधणे हे काम उस्तादाचे. रोडस्टरच्या पुढच्या चाकाला 32 स्पोक आणि मागच्याला 40. वजन मागे पडते म्हणून मागे आठ जास्त. अर्धे स्पोक हबच्या एका बाजूला, अर्धे दुसऱ्या बाजूला. त्यातले काही पुढे ओढतात, काही मागे, आणि एक स्पोक वाटेत दुसऱ्या बाजूला झुकलेल्या स्पोकांना ओलांडून रिमपर्यंत जातो. चाक वजन पेलते ते स्पोकच्या ताणावर. विणकराच्या मागावर ताणा जसा सारखा ताणलेला असावा लागतो तसेच हे. एक धागा ढिला पडला की कापडात खोट येते. एक स्पोक ढिला पडला की त्याच्या वाट्याचे वजन शेजाऱ्यावर जाते, तो तुटतो, मग त्याच्या शेजारचा. सायकल उलटी करून चाक फिरवत, खडू धरून मिस्त्री रिमचा ‘आउट’ काढतो. खडू जिथे लागला तिथे चाक त्या बाजूला गेलेले. त्या बाजूची निपल पाव फेरा ढिली करायची, समोरची पाव फेरा आवळायची. घाई केली तर चाक अंड्यासारखे होते. चांगला कारीगर शेवटी स्पोकच्या जोड्या बोटांनी दाबून पाहतो आणि कान लावून टिचकी मारतो. सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा आला पाहिजे. आमच्या बाजारात एक बुजुर्ग मिस्त्री होते, त्यांनी बांधलेले चाक तांदळाच्या पोत्याखाली वर्षभर आउट होत नसे. त्यांचे शिक्षण किती, ते कुणी विचारले नाही.

छर्ऱ्यांचाही असाच हिशेब आहे. पुढच्या हबमध्ये लहान छर्रे, मागच्या हबमध्ये आणि खालच्या एक्सलमध्ये पाव इंची, फ्रीमध्ये अगदी बारीक. कोन फार आवळला तर छर्रे कोन खातात, ढिला ठेवला तर चाक हलते. हे मोजून सांगता येत नाही. हाताला कळते, आणि शागीर्दाच्या हाताला ते कळायला दोन-तीन वर्षे लागतात. आज शागीर्द मिळत नाही. पोरगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, तिथे सावली आहे, पंखा आहे आणि कपडे काळे होत नाहीत. त्याला दोष कसा देणार?

नाव कुणाचे, कारखाना कुणाचा

आपल्या देशात सायकल आधी विलायतेहून येई. रॅले, हंबर, बी.एस.ए., हर्क्युलिस, फिलिप्स ही नावे घरातल्या बुजुर्गांच्या तोंडी असत. मग मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्स आणि आसनसोलजवळ सेन-रॅले उभे राहिले. 1951 मध्ये सोनपतला ॲटलस आणि 1956 मध्ये लुधियानात हिरो. हिंद आणि सेन-रॅले कधीच मिटले. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला बंद पडला, त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. हिरोने मात्र 1986 मध्ये जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारा कारखाना म्हणून गिनीज बुकात जागा मिळवली.

या हिरो नावामागे एक किस्सा आहे, तो आपल्या वाचकांना रुचेल. मुंजाल बंधू सायकलीच्या सुट्या भागांचा व्यापार करीत. करीम दीन नावाचे एक मुसलमान कारागीर सायकलीच्या सीट बनवत आणि त्यांचा माल ‘हिरो’ या नावाने विकला जाई. फाळणीच्या वेळी करीम दीन पाकिस्तानला निघाले तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी ते नाव वापरण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली, असे मुंजाल घराण्याच्या इतिहासात सांगितले जाते. एवढ्या मोठ्या सायकल कंपनीवर एका सीट बनवणाऱ्याचे नाव चालते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. व्यापाऱ्याने यातून आपल्या मालाच्या नावाची किंमत जोखावी. करीम दीन यांनी त्या नावाचा एक पैसा मागितल्याचे कुठे नमूद नाही.

लुधियाना मोठे झाले ते एका छताखाली नव्हे. कुणी रिम बनवी, कुणी हब, कुणी फक्त पायडल, कुणी फक्त घंटी. शेकडो लहान कारखाने एकमेकांना माल पुरवत. आमच्याकडे मोमीन, ताणेवाले, रंगारी आणि व्यापारी असे कामाचे वाटे असत, तसेच ते. म्हणूनच आजही सायकलीचा कोणताही भाग सुटा मिळतो आणि एका कंपनीच्या चौकटीला दुसऱ्याचा हब बसतो. मोटारसायकलीत ही सोय नाही.

फ्री नसलेली सायकल

आता त्या फिक्सीकडे वळू. सायकलीच्या सुरुवातीच्या काळात सगळ्या सायकली अशाच होत्या. 1885 च्या सुमारास इंग्लंडमध्ये स्टार्ले यांची रोव्हर सायकल निघाली, तिच्यावरून आजच्या सायकलीचा साचा पडला. पण फ्रीव्हीलचा सर्रास वापर व्हायला एकोणिसावे शतक संपावे लागले. तोवर उतारावर पाय वर उचलून धरत, कारण पायडल स्वतःच गरगर फिरे. फ्रीव्हील आले आणि पायाला आराम मिळाला. त्याच्या पोटात लहान ‘कुत्रे’ असतात. ते पुढे फिरताना दात पकडतात आणि मागे फिरताना टकटक करत सुटतात. कुत्रे झिजले की पायडल मारले तरी सायकल जागची हलत नाही, हा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल.

फ्री नसलेली सायकल मग शर्यतीच्या गोल ट्रॅकवर उरली. तिथे ब्रेकही नसतात, आणि ते मुद्दामच, कारण पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचा त्याच्यावर आदळेल. जपानमध्ये 1948 साली कोकुरा शहरात केइरिन नावाची शर्यत सुरू झाली. तीही एका गिअरच्या, फ्री नसलेल्या सायकलीवर. (त्यावर तिथे पैसे लावतात, तो भाग आपण सोडून देऊ.) ती पुढे 2000 पासून ऑलिम्पिकमध्ये आली. हे सगळे लांबचे वाटत असेल, तर आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्याची शुशिकला आगाशे पाहा. शेतकऱ्याची मुलगी. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला ट्रॅक सायकलिंग संघात ती होती, आणि महाराष्ट्राचीच मयुरी लुटेही होती. 1999 पर्यंत आमचा गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता, त्यामुळे मी तिला आमच्याच जिल्ह्याची म्हणतो. ज्या सायकलीवर या मुली धावल्या तिला एकच गिअर, फ्री नाही, ब्रेक नाही. भाताच्या मुलखात वाढलेल्या पायांना त्याची अडचण आली नाही.

आमच्या लहानपणी ही सायकल दुसऱ्या रूपात गावात येई. चौकात मांडव घालून, लाउडस्पीकर लावून एखादा सायकलपटू सात-सात दिवस खाली न उतरता सायकल चालवी. तिच्यावरच जेवण, तिच्यावरच अंघोळ, तिच्यावरच दाढी. संध्याकाळी तो कसरती करी. हँडलवर बसून उलटी सायकल चालवी आणि चाक जागच्या जागी धरून उभा राही. फ्री असलेल्या सायकलीने मागे जाताच येत नाही. त्याच्या सायकलीतली फ्री काढलेली असे. ती पाहून गावातली दोन-चार पोरे मिस्त्रीकडे जात आणि म्हणत, आमचीही फिक्स करून द्या.

इथे मिस्त्र्यांनी सावध राहायला हवे, कारण आता मोबाइलवर व्हिडिओ पाहून पोरे पुन्हा तीच मागणी करू लागतील. सोपा मार्ग म्हणजे जुन्या फ्रीला वेल्डिंगचे टाके मारणे. तो मार्ग खोटा आहे. फ्री हबवर उजव्या आट्याने बसते, पायडल पुढे मारले की ती आणखी आवळते. पण फिक्समध्ये वेग कमी करण्यासाठी पाय मागे रेटावा लागतो. त्या क्षणी चक्र हबवरून उलटे सुटू पाहते. खऱ्या ट्रॅक हबला यासाठी दुसरी, थोडी लहान आणि डाव्या आट्यांची रिंग असते. चक्र सुटायला लागले की ती त्याला रोखते. आपल्या साध्या हबला डावे आटे नाहीत. काही जण खालच्या एक्सलची रिंग त्यावर चढवतात, तिचे आटे जुळतातही, पण ती उजव्या आट्याचीच असल्याने जोराच्या रेट्याला भरवशाची नाही. कापडात शिवण उसवली तर लाज जाते. इथे उसवली तर जीव जातो. ट्रॅक हब नसेल तर काम घेऊ नये. गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

दुसरी अट ब्रेकची. सडकेवर चालणाऱ्या फिक्स सायकलीला पुढचा ब्रेक हवाच. इंग्लंडच्या कायद्यात सायकलीच्या दोन्ही चाकांना रोखण्याची सोय लागते. मागचे चाक फिक्स असेल तर ती सोय पायात आहे असे धरतात, पण पुढे ब्रेक लागतोच. 2016 मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलीच्या धडकेत रस्ता ओलांडणारी एक महिला मरण पावली आणि 2017 मध्ये चालवणाऱ्या तरुणाला 18 महिन्यांची शिक्षा झाली. गोरेगावच्या बाजारात बकऱ्या, लहान मुले आणि ऑटो एकाच वेळी समोर येतात. तिथे ब्रेक नसलेली सायकल देणारा मिस्त्री स्वतःच्या दाराशी भांडण बांधून घेतो.

एक बारीक गंमत दातांच्या हिशेबाची. फिक्स चालवणारी पोरे चाक घसरवून थांबतात. 48 आणि 18 ची जोडी असेल तर टायर फेऱ्यात तीनच जागी पुन्हा पुन्हा घासते, कारण 48 आणि 18 दोघांना 6 ने भाग जातो आणि खाली तीन उरतात. 44 आणि 18 घेतले तर नऊ जागा मिळतात, टायर तिप्पट टिकते. मागे 17 दातांचे चक्र आणि पुढे 46 असेल तर सतरा जागा. हे गणित मी कापडाच्या हिशेबवहीच्या मागे मांडून पाहिले. शाळेत लघुत्तम-महत्तम उर्दूतून शिकलो होतो, ते एवढ्या वर्षांनी सायकलीत उपयोगी पडले.

पैशाचे बोलू

रोडस्टरच्या नव्या सायकलीत दुकानदाराला फारसे सुटत नाही. भाव सगळ्यांना ठाऊक, शेजारचे दुकान पन्नास रुपये कमी करायला तयार. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारी मदत मिळते. त्या मुलींमुळे सायकल गावात टिकली आहे हे मान्य केले पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जी.एस.टी. 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा आधार झाला. पण या सगळ्यात मिस्त्रीच्या हाताला काय मिळाले? फिटिंगची मजुरी, हवा आणि पंक्चर.

दुसरा मार्ग असा. प्रत्येक गावात मागच्या खोलीत, गोठ्यात, भंगारवाल्याकडे जुन्या चौकटी पडल्या आहेत. त्या जुन्या नळ्या जाड, जोड पितळेने भरलेले. गंज खरवडला, चिमटा सरळ केला, भट्टीचा रंग दिला की आणखी वीस वर्षे चालतात. मागचे कान मागून उघडे असतात, म्हणून चाक पुढे-मागे सरकवून चेन ताणता येते. एका गिअरच्या सायकलीला नेमके हेच लागते, आणि शहरातल्या पोरांना अशीच चौकट हवी असते. समजा, चौकट, दोन रिमा, स्पोक, हब, टायर-ट्यूब, चेन, फ्री, सीट आणि रंग मिळून मालाला 3,500 रुपये लागले. चेनकव्हर, जड स्टँड, कॅरिअर काढून टाकले तर बावीस किलोची सायकल बरीच हलकी होते. ती 6,000 ला दिली तर 2,500 हाताच्या कामाचे. नव्या सायकलीच्या विक्रीत एवढे कधी सुटत नाही. आकडे ज्याने त्याने आपल्या बाजारचे घालून पाहावेत, पण गणिताची दिशा हीच राहील. गोंदिया, नागपूर, रायपूर इथे कॉलेजची पोरे आहेत, त्यांच्यापर्यंत फोटो पाठवायला आता पोस्टाची गरज नाही. मात्र एक अट, पहिल्या दहा सायकलींचे चाक आउट होता कामा नये. शहरातले गिऱ्हाईक दुरून आलेले असते. ते परत आले तर तक्रार घेऊनच येते.

आणि फक्त शहराकडेच का पाहावे? शिकलगार सायकल स्टँडवर उभी करून पायडलने धारेचे चाक फिरवतो. मणियार, अत्तरवाला, भांडीवाला, माझे फेरीवाले, मुंबईतले डबेवाले, सगळे एका गिअरवर चालतात. यांच्या सायकली कुणी त्यांच्या मापाने बांधून देत नाही. मागच्या चाकाला जाड स्पोक, 22 दातांची फ्री, दुहेरी कॅरिअर, पुढे आणखी एक टेकू, अशी ‘फेरीवाला सायकल’ एखाद्या मिस्त्रीने बनवली तर पहिली मी घेईन, रोख. 1954 मध्ये व्हिएतनामच्या लोकांनी दिएन बिएन फूच्या लढाईत सायकली हाताने ढकलत दोनशे-दोनशे किलोंवर रसद डोंगरातून नेली होती. त्यांनी चौकटीला बांबू बांधून सायकली मजबूत केल्या होत्या. बांबू आमच्याकडे कमी नाही.

भांडवलाचा प्रश्न येतो, तो खरा आहे. पी.एम. विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. कारागिराला अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत पाच टक्क्यांनी कर्ज. कर्ज घ्यायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या विचाराचा भाग आहे, पण अवजारांची मदत कर्ज नाही. योजनेत 18 धंदे आहेत. सुतार, लोहार, कुलपे बनवणारे, शिंपी, धोबी, न्हावी, गवंडी, चांभार, बुरड, मासेमारीची जाळी विणणारे. सायकल मिस्त्री त्यात नाही. चाक बांधणारा, ज्याच्या हातावर पोस्टमनपासून फेरीवाल्यापर्यंत सगळे चालले, त्याला या यादीत धंदाच मानलेले नाही. लोहारकाम करणारे काही मिस्त्री लोहार म्हणून अर्ज करता येईल का असे विचारतात. जो खरोखर भट्टी चालवतो त्याने करावा. जो करत नाही त्याने खोटे लिहून देऊ नये, पुढे पडताळणी होते. त्यापेक्षा तालुक्याच्या मिस्त्र्यांनी एकत्र येऊन आमदार-खासदारांना लेखी निवेदन द्यावे की एकोणिसावा धंदा जोडा. दहा सह्यांचा कागद एका माणसाच्या कुरकुरीपेक्षा जास्त दूर जातो.

शेवटी एक कामाची गोष्ट, जी मी मिस्त्र्यांकडूनच शिकलो. चेन लांबली की नाही हे पाहायला पट्टी लावावी. अर्ध्या इंचाचा एक जोड, म्हणून चोवीस जोड बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. बारा इंचांवर एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच वाढली असेल तर चेन बदला, नाहीतर ती पुढचे चक्र आणि फ्री दोन्ही खाईल आणि तीनही एकदम विकत घ्यावे लागतील. माझ्या दुकानातला लोखंडी गज यासाठी कुणालाही मिळेल. फेरीवाले सकाळी माल उचलतात त्याआधी या, नंतर गर्दी असते.